हार्ट-मार्कर पॅकेज : तीन तारे, त्यातले दोन सिस्टरचे

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी इथूनच परत फिरावं. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे एएफ, हा हृदयाचे ठोके बेताल होण्याचा आजार. तो असणाऱ्यांसाठी रक्तातल्या मार्करवर, म्हणजे हृदयाची अवस्था सुचवणाऱ्या पदार्थांच्या मोजमापावर, चालणारी देखरेखीची पॅकेजेस निघाली आहेत. त्यातलं एक मी वर्षभराहून जास्त वापरलं. पाचपैकी तीन तारे. रक्त घ्यायला येणारी माणसं आणि फोनवर बोलणाऱ्या सिस्टर उत्तम. अ‍ॅप भडक आणि अर्धवट. जाहिरातीत ज्या मार्करचा गाजावाजा आहे त्यातला एकच माझ्या कामी आला, आणि जे खरोखर कामाचं आहे ते यांनी शेवटच्या पानावर बारीक अक्षरात टाकलं आहे.

माझं वय ६८. बीपी आहे, शुगर आहे, आणि आता हे. नोकरी सगळी कारखान्यात मोजमापाची उपकरणं कॅलिब्रेट करण्यात गेली: प्रेशर गेज, थर्मामीटर, वजनकाटे. त्यामुळे कुठलाही आकडा समोर आला की तीन गोष्टी विचारायची खोड आहे. मोजलं कशाने? परत मोजलं तर तेवढंच येईल का? आणि आलेल्या आकड्याचं पुढे करायचं काय? हॉटेलचं परीक्षण लिहावं तसं हे लिहिता येत नाही, म्हणून मी याच तीन प्रश्नांनी पॅकेज तपासलं.

मिळतं काय, तर दर काही महिन्यांनी घरी येऊन रक्त नेतात. रिपोर्ट अ‍ॅपवर येतो. त्यात सगळ्यात वर दोन अर्धगोल डायल, हिरव्या-पिवळ्या-लाल रंगाचे. एक स्ट्रोकच्या धोक्याचा, दुसरा रक्तस्रावाच्या धोक्याचा. खाली मार्करची यादी. आणि एक-दोन दिवसांत सिस्टरचा फोन.

आता, एएफवाल्याला असलं काही घ्यावंसं का वाटतं ते आधी सांगायला हवं. या आजारात हृदयाचे वरचे कप्पे नीट आवळले जात नाहीत, नुसते थरथरतात. डाव्या कप्प्याला पिशवीसारखी एक छोटी पुरवणी असते. तिथे रक्त साकळून गुठळी होते आणि ती सुटून मेंदूकडे गेली की स्ट्रोक. धोका साधारण पाचपट, असं अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या दीर्घ हृदय-अभ्यासापासून सांगितलं जातं. धडधड जाणवो न जाणवो, गुठळीला त्याचं सोयरसुतक नाही. म्हणजे आत काय चाललंय हे अंगावर कळत नाही, आणि नेमकं तेच रक्तातून कळेल असं कोणी सांगितलं की माणूस सही करून मोकळा होतो.

पण रक्त पातळ करणारी गोळी द्यायची की नाही, हे डॉक्टर आजही मुख्यतः एका साध्या बेरजेवर ठरवतात. चॅड्स-व्हॅस्क म्हणतात त्या बेरजेला. हार्ट फेल्युअर (हृदयाचं काम कमी पडणं) असेल तर एक गुण, बीपीचा एक, शुगरचा एक, रक्तवाहिन्यांच्या आजाराचा एक, आधी स्ट्रोक झाला असेल तर दोन, ६५ ते ७४ वयाला एक, ७५ आणि त्यापुढे दोन. पूर्वी बाईमाणसाला एक गुण जादा असायचा. युरोपच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी तो काढून टाकला. दोन किंवा जास्त गुण झाले की गोळी घ्या, असा सल्ला. माझे झाले तीन. रक्ताचा एक थेंबही न काढता झाले! गोळी पॅकेज घेण्याआधीच सुरू होती. त्यामुळे ‘तुमचा स्ट्रोकचा धोका रक्तातून ओळखा’ ही जाहिरातीतली ओळ माझ्यासाठी पहिल्या दिवसापासून बिनकामाची होती, आणि माझ्या वयाच्या बहुतेकांसाठी तशीच असणार.

आता चांगलं सांगतो. रक्त घ्यायला आलेल्या मुलीने सुई काढायच्या आधी विचारलं, “काका, केसांसाठी, नखांसाठी कुठली गोळी घेता का?” माझं डोकं बघूनही विचारलं, म्हणून मला हसू आलं. पण ती गंभीर होती. घरातल्या गोळ्यांच्या डब्यातली व्हिटॅमिनची बाटली तिने उलटी करून लेबल वाचलं, त्यात भरपूर बायोटिन निघालं, आणि तिने त्या दिवशी रक्त घेतलंच नाही. गोळी थांबवा, काही दिवसांनी येते म्हणाली. कारण असं की अनेक यंत्रांमधली तपासणी बायोटिनच्याच चिकटपणावर चालते. रक्तात जास्तीचं बायोटिन असेल तर ट्रोपोनिनसारखा, हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणारा मार्कर असतो त्याहून कमी दिसू शकतो. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये यावर इशारा दिला होता. एएफवाल्याला यात आणखी एक मेख आहे. थायरॉइड वाढल्यामुळेही एएफ होतो, म्हणून टीएसएच तपासतात. बायोटिनमुळे टीएसएचही खोटा कमी दिसतो आणि थायरॉइडचे बाकीचे आकडे खोटे जास्त. म्हणजे नसलेला थायरॉइड कागदावर तयार, आणि त्यावर औषध सुरू होण्याची पाळी. उपकरण बरोबर असून नमुना चुकीचा, हा प्रकार मी कारखान्यात खूप पाहिला आहे. तो दारातच पकडणारी माणसं मात्र कमी पाहिली. एक तारा तिथेच दिला.

मुख्य मार्कर एनटी-प्रो-बीएनपी. हृदयाच्या भिंतींवर ताण आला, त्या ताणल्या गेल्या की हा पदार्थ रक्तात वाढतो. हार्ट फेल्युअर ओळखायला वापरतात. बाहेरून तपासायला येणाऱ्या रुग्णात १२५ पिकोग्रॅमच्या खाली असेल तर हार्ट फेल्युअर बहुधा नाही, असं धरतात. माझा पहिल्यांदा आला ८४०. अ‍ॅपने लाल बाण दाखवला, शेजारी ‘मर्यादा १२५’ असं लिहून. ही हबकलीच.

सिस्टरचा फोन आला तेव्हा उलगडा झाला. एएफ स्वतःच हा आकडा वाढवतो, हृदय बाकी ठणठणीत असलं तरी. वयानेही तो वाढतो, किडनी मंदावली की वाढतो, आणि वजन जास्त असलेल्यांमध्ये उलट कमी दिसतो. हृदयाची पंप करण्याची ताकद शाबूत असूनही होणारं एक हार्ट फेल्युअर असतं. ते ओळखण्याच्या युरोपियन पद्धतीत ठोके नियमित असतील तर २२० च्या वर आणि एएफ असेल तर ६६० च्या वर, अशा दोन वेगळ्या रेघा आहेत. तिप्पट फरक! एएफवाल्यांसाठीच काढलेल्या पॅकेजच्या अ‍ॅपमध्ये ‘रक्त घेताना ठोके नियमित होते का’ हा रकानाच नाही, याला काय म्हणावं? मी तक्रार लिहिली. ‘सूचनेबद्दल आभार’ असं उत्तर आलं.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. मध्यंतरी यांनी लॅब बदलली. नव्या लॅबचा आकडा आला ९९ आणि अ‍ॅपमधला आलेख धाडकन खाली. खाली हिरव्या अक्षरात ‘अभिनंदन’. मी एकक बघितलं तर आधी पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर होतं, आता पिकोमोल प्रति लिटर. साधारण साडेआठने गुणलं की परत ८४० च्या घरात. म्हणजे माझ्या हृदयात काडीचाही फरक नव्हता, अ‍ॅपने दोन वेगळ्या मापांचे आकडे एका रेघेत ओवले होते. कारखान्यात हे कोणी केलं असतं तर त्याला मी दिवसभर उभा केला असता. नंतर त्यांनी आलेख दुरुस्त केला. ‘अभिनंदन’ मात्र कोणी परत घेतलं नाही. शिवाय बीएनपी आणि एनटी-प्रो-बीएनपी हे दोन वेगळे आकडे आहेत, एकमेकांच्या जागी चालत नाहीत. रिपोर्ट बदलला की आधी नाव आणि एकक वाचा, मग आकडा.

आता हाच मार्कर कामी कसा आला ते. पुढच्या एका तपासणीत तो दीड हजाराच्या वर गेला. लॅब तीच, एकक तेच. थोडं वर-खाली होतच असतं, वीस-पंचवीस टक्क्यांनी हलला तर कोणी दचकू नये. पण हा जवळजवळ दुप्पट होता. सिस्टरने आकड्याबद्दल बोलण्याआधी विचारलं, “काका, जिना चढताना मध्ये थांबावं लागतं का? संध्याकाळी मोज्याची खूण पायावर राहते का? रात्री उशी वाढवलीत का?” तिन्हीला हो. धाप लागत होती हे खरं, पण वय झालं, वजन वाढलंय, असं म्हणून मी ते सोडून दिलं होतं. त्यांनी आपणहून माझ्या डॉक्टरांकडे चिठ्ठी पाठवली. टूडी इको झाला. पंपिंग ठीक, पण डावा वरचा कप्पा मोठा झालेला आणि हृदय सैलावताना कडक. पाणी काढायची गोळी लागली, शुगरच्या औषधात हृदयालाही उपयोगी पडणारी एक गोळी जोडली, आणि ठोके नियमित करण्याचा विचार पुढे न ढकलता लगेच झाला. विजेचा झटका देऊन ताल परत आणला. त्यानंतर आकडा बराच खाली आला, ठोके तालावर आले की तो उतरतोच. मोजे आता खूण ठेवत नाहीत.

हे श्रेय मार्करचं की सिस्टरच्या तीन प्रश्नांचं? माझ्या मते दोघांचं, पण प्रश्नांविना तो आकडा लाल बाणांच्या गर्दीत हरवला असता.

त्या गर्दीतला सगळ्यात घाबरवणारा बाण ट्रोपोनिनचा. हाय-सेन्सिटिव्हिटी ट्रोपोनिन टी, मर्यादा १४, माझा १७. अ‍ॅपचं वाक्य: ‘हृदयाच्या स्नायूला इजा’. आमच्या मुलीने तो स्क्रीनशॉट बघून रडवेल्या आवाजात फोन केला. खरी गोष्ट अशी की एएफ, शुगर, वय, किडनी यातल्या कशानेही हा थोडासा वर राहतो. हार्ट अटॅकमध्ये तो काही तासांत चढतो किंवा उतरतो. माझा प्रत्येक वेळी १६-१७-१८ असाच रेंगाळत राहिला. तो वर असलेल्यांना पुढे त्रास होण्याची शक्यता जास्त असते हे खरं, पण त्याच्यावर नेम धरून द्यायचं असं एएफमध्ये काही औषध नाही. बीपी आणि शुगर नीट ठेवा, एवढंच. आणि छातीत दुखत असेल तर अ‍ॅपची वाट बघत कोणी बसू नये, सरळ इमर्जन्सीत जावं. हे वाक्य अ‍ॅपमध्ये कुठेही नाही.

रक्तस्रावाचा डायल मला या पॅकेजमधला सगळ्यात धोकादायक भाग वाटला. त्यामागे एबीसी नावाची गुणपद्धत आहे: वय, रक्तातले मार्कर आणि पूर्वीचा इतिहास. स्ट्रोकच्या गणितात एनटी-प्रो-बीएनपी आणि ट्रोपोनिन, रक्तस्रावाच्या गणितात ट्रोपोनिन, हिमोग्लोबिन आणि जीडीएफ-१५ (शरीरावर ताण आला की रक्तात वाढणारं एक प्रथिन). (युरोपच्या २०२० च्या सूचनांमध्ये एएफच्या उपचारांची दिशा सांगणारी एक वेगळीच एबीसी होती. दोन्हींची सरमिसळ मी डॉक्टरांनाही करताना ऐकलं आहे.) ही गणितं हवेतून आलेली नाहीत. एपिक्साबान आणि वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्यांची तुलना करणाऱ्या अ‍ॅरिस्टॉटल या १८ हजारांहून जास्त रुग्णांच्या चाचणीतल्या माहितीवर बेतलेली आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली आहेत.

माझा डायल लाल. कारण जीडीएफ-१५ भरपूर वाढलेला. आता गंमत बघा. शुगरसाठी मी मेटफॉर्मिन घेतो, आणि मेटफॉर्मिन जीडीएफ-१५ वाढवतं. हे माहीत असलेली गोष्ट आहे. केसांच्या गोळीबद्दल विचारणाऱ्या मुलीला जे सुचलं, ते अ‍ॅप बनवणाऱ्यांना मेटफॉर्मिनबद्दल सुचलं नाही. औषधांची यादी भरायला जागा आहे, पण ती यादी डायलपर्यंत पोचत नाही.

आणि समजा डायल खरा असला, तरी त्याचा अर्थ काय काढायचा? ‘रक्तस्रावाचा धोका : जास्त’ एवढं लिहून सोडून दिलं तर एकटा राहणारा माणूस पहिली गोष्ट कोणती करेल? गोळी बंद. म्हणजे आगीतून फुफाट्यात. डॉक्टर या धोक्याकडे वेगळ्या नजरेने बघतात. तो जास्त असेल तर गोळी थांबवायची असं नसतं, सुधारता येण्याजोगं काय आहे ते शोधायचं असतं. बीपी चढलेलं आहे का, गुडघ्यासाठी वेदनाशामक गोळ्या चालू आहेत का, अ‍ॅसिडिटी-अल्सर, दारू. सिस्टरने हे सगळं एकेक करून विचारलं. अ‍ॅपमध्ये ते चार ओळींत मावलं असतं.

जाहिरातीत ‘वैज्ञानिकदृष्ट्या सिद्ध’ असं म्हटलं आहे, त्याबद्दल थोडं. मार्कर घातलेली ही गणितं जुन्या बेरजेपेक्षा धोका अधिक चांगला ओळखतात, इथपर्यंत बरोबर. पण त्यांच्या आधाराने उपचार ठरवले तर रुग्णांचं भलं होतं का, हे बघायला स्वीडनमध्ये मोठी चाचणी केली. एका गटाच्या डॉक्टरांना एबीसीचे गुण आणि त्यानुसार सल्ला मिळायचा, दुसऱ्या गटाचे नेहमीचे उपचार. निष्कर्ष: स्ट्रोक किंवा मृत्यू कमी झाले नाहीत. काटा बारीक लावला म्हणून पोत्यातलं धान्य सुधारत नाही. पॅकेजच्या माहितीपत्रकात पहिला भाग ठळक अक्षरात आहे, स्वीडनचा उल्लेखही नाही.

डी-डायमर (गुठळी विरघळताना वाढणारा) आणि सीआरपी (शरीरात दाह झाला की वाढणारा) हे दोघे यादी लांब दिसावी म्हणून घेतले असावेत. डी-डायमर वयाने, जखमेने, ऑपरेशनने, साध्या संसर्गानेही वाढतो, आणि पातळ करणारी गोळी चालू असली की उतरतो. सीआरपी माझा सर्दीत वाढला होता. सर्दी झाल्याचं मला आधीच माहीत होतं.

आता शेवटच्या पानावरचं, राखाडी, बाणांशिवाय छापलेलं. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, टीएसएच, पोटॅशियम. कोणी यांना मार्कर म्हणून मिरवत नाही, पण माझ्या औषधांचा डोस यांच्यावर ठरतो. मी एपिक्साबान घेतो. वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त, या तिन्हींपैकी दोन गोष्टी असतील तर डोस निम्मा, नाहीतर पूर्ण. माझ्याकडे एकही नाही, म्हणून पूर्ण. ‘सावधगिरी म्हणून’ कमी डोस घेतला तर स्ट्रोकपासूनचं संरक्षण अर्धवट राहतं. दुसऱ्या काही गोळ्यांचा डोस तर किडनीच्या वेगावरच चालतो, आणि तो वेग वयाबरोबर गुपचूप उतरत असतो. हिमोग्लोबिन हळूहळू घसरत असेल तर आतड्यात कुठेतरी रक्त झिरपतंय का, ही शंका पहिली घ्यायची. पाणी काढायची गोळी लागल्यापासून माझं पोटॅशियम एकदा खाली गेलं. ते खाली गेलं की ठोके आणखी बिथरतात. ते सिस्टरने त्याच दिवशी कळवलं, अ‍ॅपने नाही. शेवटच्या पानाला अ‍ॅप सूचना पाठवतच नाही म्हणे.

कोणी घ्यावं? एएफबरोबर धाप, पायाला सूज, किडनीची कुरबुर असेल आणि डॉक्टरांकडे वरचेवर जाणं जमत नसेल, त्यांना फोनवरच्या माणसासाठी घेण्यासारखं आहे. एएफ नुकताच सापडला असेल, गुणांची बेरीज शून्य किंवा एक असेल आणि गोळी घ्यावी की नाही असा पेच असेल, तर तिथे मार्करने पारडं थोडं झुकू शकतं. पण ते डॉक्टरांसमोर बसून बघायचं, डायलवर नाही. रिपोर्ट वाचून झोप उडणाऱ्यांनी मात्र यापासून दोन हात लांब राहावं. आमच्या घरात माझ्यापेक्षा बाकीच्यांचीच झोप जास्त उडाली.

मुदत संपल्यावर मी त्यांच्याशी बोललो. जीडीएफ, डी-डायमर, सीआरपी वगळून फक्त एनटी-प्रो-बीएनपी, किडनी, हिमोग्लोबिन, थायरॉइड, पोटॅशियम आणि सिस्टरचा फोन, एवढंच मिळेल का? बरीच टोलवाटोलवी झाली, शेवटी छोटं पॅकेज म्हणून दिलं. डायल बंद करता येतो का, हेही विचारलं. तशी सोय नाही. मग अ‍ॅप मोबाइलवरून काढून टाकलं आणि रिपोर्ट ईमेलवर मागवतो. त्यात पहिलं पान समोर न येता शेवटचं पान आधी उघडतं, कारण त्यांनी फाइल उलटी जोडली आहे. याची तक्रार मी केलेली नाही.